सरांचा आकडा

शाळेत एखादी नवी योजना आली की ती कोणाच्या गळ्यात पडणार, हे अकलेवरून नव्हे, वेळापत्रकावरून ठरतं. गणिताच्या बाईंना एक तास मोकळा नव्हता, विज्ञानाचे सर आधीच तीन समित्यांत अडकलेले, आणि हस्तकलेच्या सरांचे मात्र आठवड्यात चार तास रिकामे दिसत होते. त्यामुळे तळहातावर मावतील असे तीस छोटे कॉम्प्युटर एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून थेट त्यांच्या कार्यशाळेत येऊन पडले. सोबत दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक रंगीत पुस्तिका आणि मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं, एक वाक्य.

"मुलांची सर्जनशीलता वाढवायची आहे, सर. वर्ष संपताना योजनेचे साहेब बघायला येतील."

आता ज्या माणसाने तीस वर्षं लाकूड सरळ कसं कापावं एवढंच शिकवलं, त्याने सर्जनशीलता कुठून वाढवायची? मुलं त्यांना काटकोन सर म्हणायची, कारण फळी असो, वही असो की मुलाची मान, सरांना सगळं काटकोनात लागायचं. पहिल्याच तासाला त्यांनी तो कॉम्प्युटर हातात घेतला आणि म्हणाले, "पुस्तिकेत याला बोर्ड म्हटलंय. बोर्ड म्हणजे फळी. आपण फळीच म्हणू." वर्ग हसला आणि नाव चिकटलं. प्रत्येक फळीवर पाच ओळींत पाच-पाच बारीक लाल दिवे होते, दोन बाजूंना दोन बटणं होती आणि आपण हलतोय की स्थिर आहोत हे तिचं तिला कळायचं. शाळेच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की प्रोग्राम तयार व्हायचा. वायरीने तो फळीत उतरवला की फळी सांगितलेलं काम करायची.

आंधळ्याच्या गाई देव राखतो, तसं झालं. सरांना ठोकळे अर्धेमुर्धे कळत, पण मुलांनी त्यांची वाट पाहिलीच नाही. दोघा मुलांनी कुंडीतली माती सुकली की रडका चेहरा दाखवणारी फळी केली. एकाने बाकावर कोण जास्त चुळबुळ करतो ते पकडणारी केली आणि स्वतःच पहिला पकडला गेला. सरांना हे सगळं आवडायला लागलं होतं. इतकी वर्षं मुलं त्यांनी आखून दिलेल्या रेघेवर करवत चालवत होती. आता रेघ मुलं आखत होती, आणि आपण नुसतं बघत उभं राहायचं यातही सुख असतं, हे त्यांना उतारवयात कळत होतं.

नुसतं बघत उभं राहणं त्यांच्या सोयीचंही होतं, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

दीड वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. फार नाही. लांबून दिसणार नाही इतका. पण लाकूड कोरायची पटाशी धरणाऱ्या माणसाला दोरा हलावा एवढं हललेलंही पुरतं. तेव्हापासून ते मनगट बाकाच्या कडेला टेकवल्याशिवाय काही करत नसत. फळ्यावर लिहायची वेळ आली की एखाद्या मुलाला खडू द्यायचे आणि म्हणायचे, "तू लिही, अक्षर सुधारेल." उभं राहून बोलताना हात खिशात असायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते स्वतःला समजावत. घरी बायकोने कधीच काही विचारलं नाही. फक्त गेले कित्येक महिने ती त्यांच्या कपात चहा अर्धाच ओतत होती आणि संपला की न मागता पुन्हा अर्धा ओतत होती. दोघांनीही त्या अर्ध्या कपाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

कुठल्याशा शाळेत करवतीने एका मुलाचं बोट कापलं आणि वरून पत्र आलं, की धारदार अवजारं शिकवणाऱ्या प्रत्येकाने प्रकृतीचा दाखला द्यावा. दाखला नसेल त्याला भांडारात बसवावं. भांडार म्हणजे जिन्याखालची खोली, तिथे मोडकी बाकं आणि जुने नकाशे. नोकरीची चार वर्षं उरली होती. सरांनी दाखल्याचा कोरा कागद खणात ठेवला, त्यावर मोजपट्टी ठेवली आणि खण लावून घेतला. मोठ्या बाईंनी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा ते "या आठवड्यात देतो" म्हणाले.

आणि मग चिमटीने तिचं यंत्र केलं.

चिमटी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. चिमटीत मावेल एवढी, म्हणून चिमटी. ती कमी बोलायची आणि तिचे ठोकळे पहिल्या फटक्यात जमायचे. तिची फळी हातात घ्यायची, हात समोर लांब करायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. तेवढ्या वेळात हात किती वेळा हलला तो आकडा दिव्यांवर सरकत यायचा.

"हे कशासाठी?" सरांनी विचारलं. मनगट बाकाच्या कडेला होतं.

"आजोबांसाठी," चिमटी म्हणाली. "ते घड्याळं दुरुस्त करायचे. आता त्यांचा हात थरथरतो. डॉक्टर दर वेळी विचारतात, गेल्या वेळेपेक्षा जास्त की कमी? आणि आजोबा दर वेळी कमीच सांगतात. त्यांना औषध वाढवून नको असतं. आई म्हणते, खोटं बोलतात. पण किती खोटं ते कोणाला कळणार?"

"मग आणलंस का मोजून?"

"फळी घरी कुठे नेऊ देतात, सर? आणि आजोबांना एवढे जिने चढवत नाहीत." तिने फळीवरचा धुरळा अंगठ्याने पुसला. "ज्याचं यंत्र निवडतील त्याला फळी कायमची मिळणार आहे ना? पुस्तिकेत लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. प्रत्येक शाळेतून एक यंत्र निवडायचं आणि करणाऱ्याला फळी घरी द्यायची. चिमटीने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती.

वर्गाला आजोबांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना खेळ मिळाला. कोणाचा हात सगळ्यात स्थिर, याची चढाओढ लागली. भिंतीवर कागद चिकटवून नावं लिहिली. कोणाचा सहा, कोणाचा अकरा, चुळबुळ्याचा एकोणीस. मग एक जण म्हणाला, "आता सरांचा!" आणि तिसांच्या तिसांनी माना वळवल्या. सर खोकले. घसा धरून पाणी प्यायला गेले, डाव्या हाताने पेला धरून प्यायले आणि परत आले तोवर घंटा झाली होती. चिमटी तेव्हा त्यांना काहीतरी समजावत होती, की फळी सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवते, बॅटरी काढली तरी विसरत नाही, म्हणजे आजोबांचा कालचा आकडा उद्याही बघता येईल. सर "वा, वा" म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष खिशातल्या हाताकडे होतं. माणूस काही लपवत असला की त्याच्या कानात अर्धंच शिरतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी कार्यशाळेचं दार आतून लावलं. कपाटाची किल्ली फक्त त्यांच्याकडे असायची. चिमटीची फळी काढली, बॅटरी जोडली, हात लांब केला. कशासाठी? खरं तर त्यांना आठ-दहा आकडा बघायचा होता. आपल्यालाच उगाच वाटतंय, एवढं काही नाही, असं कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि माणसाला विचारण्याचं धैर्य नसलं की तो यंत्राला विचारतो. त्यांनी श्वास रोखला. मनात दहापर्यंत मोजलं.

एकसष्ट.

त्यांनी पुन्हा केलं. अठ्ठावन्न. डाव्या हातात सात.

बाहेर मुलं ओरडत होती, डबे वाजत होते. सर रंध्याच्या बाकावर बसले. तो हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. या हाताने त्यांनी खिळा न वापरता खुर्ची जोडली होती, पोरीचा पाळणा केला होता, कितीतरी मुलांच्या हातावर हात ठेवून पहिली करवत चालवली होती. एकसष्ट. त्यांनी बॅटरीची वायर उपटली, फळी जागेवर ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. वायर काढली म्हणजे गोष्ट मिटली, असं त्यांना वाटलं. लाकडाचं तसंच असतं. रंधा मारला की आधीचं काही उरत नाही.

पुढच्या तासाला चिमटीने फळी घेतली, बॅटरी जोडली आणि सवयीने लक्षात ठेवलेला आकडा दाखवणारं दुसरं बटण दाबलं. सर तिच्या मागेच उभे होते. लाल दिव्यांवर आधी सहा आला, मग एक.

त्यांना तेव्हा कळलं की "वा, वा" कशाला म्हणालो होतो.

शेजारचा मुलगा डोकावला. "एकसष्ट? कोणाचा गं?"

चिमटीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा बाकाच्या कडेला, जिथे सरांचं मनगट टेकलेलं होतं. "मीच जोरजोरात हलवून बघितलं," ती म्हणाली, आणि आकडा पुसून टाकला.

वर्ग सुटल्यावर ती रेंगाळली. कपाटात फळ्या लावायला नेहमीसारखी मदत केली. शेवटची फळी ठेवताना म्हणाली, "सकाळी जास्त असतं, सर."

"कोणाचं?"

"आजोबांचं."

"हं," सर म्हणाले. बारा वर्षांच्या पोरीसमोर आपण असे उघडे पडलोय आणि तीच आपल्यावर पांघरूण घालतेय, याची त्यांना इतकी लाज वाटली की तिला "नीट जा घरी" म्हणायचंही राहून गेलं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक हलकं काम केलं. हलकं म्हणजे सोपं नव्हे, हलकटपणाकडे झुकलेलं. ते चिमटीला म्हणाले, "उद्या तू पावलं मोजणारी फळी दाखवतेस का? साहेबांना आवडेल. हसरा चेहराही टाक त्यात." बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते.

चिमटीने नकारार्थी मान हलवली. "पावलं मोजणारी पुस्तिकेतच आहे, सर. ती काय कोणीही करेल." मग हळूच म्हणाली, "माझीच दाखवते. काही होणार नाही."

काय होणार नाही, ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

साहेब माणूस वाईट नव्हता. उंच, हसरा, मुलांच्या उंचीला वाकून बोलणारा. हातात छापील कागदांची चळत, प्रत्येक मुलामागे एक कागद. मोठ्या बाई त्याच्या मागे मागे, आणि सर भिंतीला पाठ लावून. कुंडीवाल्या दोघांनी माती सुकवून रडका चेहरा दाखवला, पाणी घालून हसवला. साहेबाने मान डोलवली. मग तो चिमटीच्या बाकापाशी आला. तिने आजोबांचं सगळं सांगितलं, न अडखळता, जेवढं ती वर्षभरात बोलली नसेल तेवढं. साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू बदललं. तो बाकावर टेकलाच.

"हे तुझं तू शोधलंस?"

"हो."

"बाई, हे वेगळं आहे," तो मोठ्या बाईंना म्हणाला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि ज्याची भीती होती तेच झालं. "सर, या ना. तुम्ही तर हातांचे गुरू. तुमचा हात बघू किती पक्का आहे."

"माझा कशाला," सर म्हणाले. "मुलांचा घ्या."

"या हो सर," मोठ्या बाई म्हणाल्या. "तीस वर्षं पटाशी धरलीत, लाजता काय."

मुलांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. भिंतीवरच्या कागदात मुलांनी सरांचंही नाव लिहिलं होतं आणि त्यापुढची जागा तेव्हापासून रिकामी होती. सरांनी हात खिशातून काढला. पळून जावं असं त्यांना वाटलं, पण पाय मात्र पुढे पडत गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथे तर हात मागून घेत होते.

चिमटीने फळी त्यांच्या हातात दिली. देताना तिच्या अंगठ्याने एक बटण दाबलेलं त्यांनी पाहिलं. नेहमी चालू करताना दाबायचं ते नव्हे, दोन्ही बाजूंच्या बटणांपैकी दुसरं, आणि बराच वेळ. मग तिने हात काढून घेतला.

सरांनी हात लांब केला. वर्ग दहापर्यंत मोजू लागला. त्यांना स्वतःला हात हलताना दिसत होता, फळीचा कोपरा भिंतीवरच्या रेघेच्या खालीवर होत होता. दहा झाले. दिव्यांवर आकडा आला.

शून्य.

वर्गाने आरडाओरडा केला. मोठ्या बाई हसल्या. सरांनी चिमटीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"शून्य?" साहेब म्हणाला. "माणूस आहात की खांब?" त्याने गमतीने फळी सरांच्या हातातूनच उचलली आणि स्वतः धरली. शून्य. त्याच्या कपाळावर आठी आली. त्याने ती थोडी हलवली. शून्य. मग औषधाची बाटली हलवावी तशी जोराने खालीवर केली. शून्य.

मोठ्या बाई पुढे वाकल्या.

"हे मोजत नाहीये," साहेब म्हणाला. आवाजात राग नव्हता, वाईट वाटलेलं होतं. त्याने फळी चिमटीपुढे केली. "घाई नाही. बंद कर, पुन्हा चालू कर आणि परत सरांच्या हातात दे. यंत्र एकदा चुकू शकतं."

सगळं एवढ्यावर येऊन थांबलं होतं. दुसरं बटण बराच वेळ दाबलं की मोजणं थांबावं असा ठोकळा फळीत होता, आणि बॅटरी काढून जोडली की फळी पुन्हा खरं बोलणार होती, हे चिमटीला ठाऊक होतं आणि आता सरांनाही. तिचा हात वायरीपर्यंत गेला. तिने एकदा सरांच्या हाताकडे पाहिलं.

"नाही होणार, साहेब," ती म्हणाली. "प्रोग्राम चुकलाय माझा."

"सकाळी तर चालत होतं ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "सर, तुम्ही तपासलं होतंत का?"

बोलायचं होतं ते एकच वाक्य होतं. यंत्र बरोबर आहे, माझाच हात थरथरतो. लहान मुलालाही पाठ होईल असं. सरांनी तोंड उघडलं. ते वाक्य त्यांच्या जिभेवर होतं, आणि त्याच्या मागे जिन्याखालची खोली होती, मोडकी बाकं होती, चार वर्षं होती. जीभ हलली नाही. शरीरातली एक गोष्ट नको तेव्हा हलत होती आणि दुसरी हवी तेव्हा हलेना.

"तपासायचं राहिलं," ते म्हणाले.

साहेबाने उसासा टाकला. चिमटीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "कल्पना फार चांगली आहे, बाळ. पुढच्या वर्षी नीट कर." मग कागदावर लिहिलं. एका रकान्यात "उपकरण चालत नाही", दुसऱ्यात "निवड नाही". कुंडीवाले दोघे निवडले गेले. ती पोरंही चांगलीच होती, त्यांचा काही दोष नव्हता.

"खाली तुमची सही लागेल, सर. मार्गदर्शक म्हणून." साहेबाने पेन दिलं आणि तो मोठ्या बाईंशी बोलत पुढच्या बाकाकडे वळला.

सर बाकाशी बसले. कडेला जागा नव्हती, वायरी आणि फळ्या पसरलेल्या होत्या, मनगट टेकवायला काही नव्हतं. पेनाचं टोक कागदावर आलं आणि तिथेच नाचू लागलं. एक ठिपका पडला, शेजारी दुसरा. मोठ्या बाई चार पावलांवर होत्या, कधीही मागे वळल्या असत्या. सर नुसते त्या ठिपक्यांकडे बघत राहिले.

चिमटीने काही न बोलता आपली जाड वही सरकवली आणि त्यांच्या मनगटाखाली घातली. मग दोन बोटांनी कागदाचा कोपरा दाबून धरला, घट्ट, सरकू नये म्हणून. तिचं नाव त्याच कागदावर वर लिहिलेलं होतं.

"आजोबांना असंच लागतं," ती कोणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली. "करा आता."

सरांनी सही केली. दीड वर्षात इतकी सरळ सही त्यांच्या हातून झाली नव्हती.